पत्र्याच्या पेटीतले एकोणीस नग

आमच्या घरात मुलीला पाच वर्षं पूर्ण झाली की येणाऱ्या दिवाळीत पेटी तिच्याकडे जाते. हिरवा रंग उडालेली पत्र्याची पेटी, कडीला कुलपाऐवजी सुतळी. आत बाहुलीचं सामान: पलंग, फडताळ, झोपाळा, देव्हारा, पाळणा, सगळं लाकडाचं आणि सगळं हातानं केलेलं. १९३८ साली ती आजीला मिळाली, १९५८ साली आईला, १९८३ साली मला. मला मुलगा झाला. तोही त्या सामानाशी तासन्‌तास खेळला, पण पेटी त्याच्या नावावर झाली नाही, आईकडेच राहिली. आता मला ते चूक वाटतं.

आई २०२२ मध्ये गेली. नंतर दीड वर्ष तिच्या पलंगाखालची ती पेटी आम्ही दोघी बहिणींनी उघडली नाही. २०२३ च्या दिवाळीआधी बहिणीचा फोन आला. "ताई, ही पाच वर्षांची झाली गं. रोज विचारते." त्या रात्री मी सुतळी सोडली.

डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि पाठोपाठ लाकडाच्या भुशाचा. आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यांत एकेक वस्तू गुंडाळलेली होती. आरामखुर्ची तीन तुकड्यांत होती. फडताळाचं एक दार एका बिजागरीवर लोंबत होतं. पलंग उचलला तर त्याचा एक पाय साडीतच राहिला आणि गादीखालच्या पट्ट्यांमधून पीठ सांडलं, पिवळसर, मैद्यासारखं बारीक. पाळण्याला साडीचा धागा चिकटून बसला होता, ओढला तरी निघेना.

हे सामान आजीच्या वडिलांनी केलं. आजी त्यांना आबा म्हणायची, म्हणून पुढच्या तिन्ही पिढ्यांनाही ते आबाच. आबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. जी.आय.पी. रेल्वेचे डबे आणि वाघिणी दुरुस्त करायला १९१५ साली ते वर्कशॉप उभं राहिलं, आणि तेव्हाच्या डब्यांत सागवानाचं काम भरपूर असायचं. दुरुस्तीतून उरलेले वीतभर तुकडे आबा घरी आणायचे आणि रविवारी चाळीच्या गॅलरीत बसून काम करायचे, असं आजी सांगायची. म्हणजे आमच्या बाहुलीचा पलंग कधीतरी कुणाच्या तरी प्रवासाचा भाग होता. एक बाकडं तर आबांनी सरळ थर्ड क्लासच्या बाकड्यासारखंच केलंय: पाच पट्ट्या बसायला, तीन पाठीला, पट्ट्यांच्या कडा गोल मारलेल्या. रेल्वेतला थर्ड क्लास १९७४ साली गेला, आमच्या पेटीत तो अजून आहे.

सगळं मोजून मी वहीत लिहिलं. एकोणीस नग. पलंग सहा इंच लांब, फडताळ साडेपाच इंच उंच, टेबल अडीच इंच. मोजता मोजता लक्षात आलं की हे फुटाला इंच आहे. खऱ्या वस्तूचा एक फूट, तो इथे एक इंच. बाहुलीघरं करणारे जगभर हेच माप धरतात. विंडसर कॅसलमध्ये इंग्लंडच्या राणी मेरीचं जे बाहुलीघर आहे, ल्यूटेन्सनं आखलेलं, १९२४ साली पूर्ण झालेलं, तेही याच मापाचं. नवी दिल्ली आखणारा हाच ल्यूटेन्स. आबांना त्याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या हातात फूटपट्टी होती आणि पोटाशी बसलेली मुलगी होती, हिशेब सोपा पडला असणार. पण दोन वस्तूंत त्यांनी माप मोडलंय. उखळ आणि जातं चांगलं दुप्पट मोठं आहे. उखळात खरे तांदूळ कांडता यावेत म्हणून, हे मला विचारावं लागलं नाही, मी स्वतः कांडलेत.

आणि घर मात्र नव्हतं. भिंती, छप्पर, जिना, काही नाही. चाळीतली खोली दहा बाय बारा, तिच्यात आणखी एक घर ठेवणार कुठे? आम्ही फरशीवर मांडायचो. एक लादी म्हणजे एक खोली. दोन लाद्यांमधली रेघ म्हणजे भिंत, आणि ती ओलांडताना बाहुलीनं दार वाजवायचं.

दुरुस्तीला कुठून हात घालायचा हे मला कळत नव्हतं. माझी एक मैत्रीण वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम करते. तिला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन आला. "काहीही पुसू नकोस. काहीही चिकटवू नकोस. आधी किडा जिवंत आहे का ते बघ."

ते बघायची रीत अशी. काळा कागद पसरायचा, त्यावर वस्तू ठेवायची, भोवती पेन्सिलीनं रेघ मारायची आणि महिनाभर हलवायची नाही. भोकं असली म्हणून किडा असतोच असं नाही, तो कधीच उडून गेलेला असू शकतो. भोकाची कड काळपट, आत धूळ बसलेली, म्हणजे जुनं. कड ताजी, पिवळी, आणि कागदावर नवा भुसा पडला, म्हणजे आत कुणीतरी खातंय. मी जेवणाच्या टेबलावर काळे कार्डशीट लावले आणि आम्ही महिनाभर खाली बसून जेवलो. सकाळी चहाच्या आधी मी बॅटरी घेऊन बघायची. पहिले आठ दिवस कुठेच काही नाही. नवव्या दिवशी पलंगाखाली मोहरीएवढी एक ढिगली दिसली. बाकी अठरा नगांखाली महिनाभरात कणही पडला नाही. पाळण्याला भोकं बरीच होती, त्याची मला सगळ्यात धास्ती होती, पण तीही जुनीच निघाली.

पलंगालाच का, ते उलटा केल्यावर कळलं. आबांच्या पट्ट्या सागवानाच्या, तपकिरी, तेलकट, एकीलाही भोक नव्हतं. मधल्या दोन पट्ट्या पांढरट होत्या, देवदारी खोक्याच्या, बाजूनं चुका ठोकून बसवलेल्या. ते काम मामाचं. आईनं सांगितलेलं आठवतं, पलंग मोडला म्हणून ती रडत बसली होती आणि मामानं तो एका दुपारी दुरुस्त करून दिला होता. मामा तेव्हा बारा वर्षांचा होता. फळांच्या खोक्याची पट्टी, घरातली हातोडी आणि बहिणीचं रडणं, एवढंच त्याच्यापाशी होतं. भुंग्यानं खाल्लं ते मामाचं लाकूड. आबांचं त्यानं तोंडात घेतलं नव्हतं.

किडा मारायला औषध लावायचं नाही, असं मैत्रिणीनं बजावलं. उद्या लहान मूल ते हाताळणार, तोंडाला लावणार. त्यापेक्षा गोठवायचं. पलंग मलमलीत गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा दाबून काढली, तोंड चिकटपट्टीनं बंद केलं आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला, मटार आणि खोवलेल्या नारळाच्या शेजारी. बाहेर काढल्यावर पिशवी उघडायची घाई करायची नाही. थंड लाकडाला हवेतलं पाणी धरतं, म्हणून पूर्ण एक दिवस ती तशीच बंद ठेवायची. तो एक दिवस मला आधीच्या दोन आठवड्यांपेक्षा मोठा वाटला. नंतर पलंग पुन्हा काळ्या कागदावर, आणखी एक महिना. कागद काळाच राहिला.

पाळणा मात्र गोठवू दिला नाही तिनं. त्यावर लाखेचा थर आहे, थंडीत तडकेल म्हणाली.

मग मिस्त्रींकडे गेले. आमच्या स्टेशनजवळच्या गल्लीत एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. मूळचे रत्नागिरीकडचे, वय सत्तरीच्या पुढचं, हल्ली फक्त जुन्या खुर्च्या आणि देव्हाऱ्यांची कामं घेतात. मी टेबलावर फडताळ ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फडताळाचा खण बाहेर ओढून डोळ्याशी नेला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ताई, हे बघितलंत का तुम्ही?"

मी चाळीस वर्षं त्या खणात बाहुलीचे कपडे ठेवत आले, पण ते बघितलं नव्हतं. खणाच्या पुढच्या फळीला बाजूच्या फळ्या चुकांनी किंवा नुसत्या सरसानं जोडलेल्या नाहीत. प्रत्येक कोपऱ्यात तीन दात आहेत, मुळाशी निमुळते आणि टोकाला रुंद, पारव्याच्या शेपटीसारखे, समोरच्या खाचांत अडकलेले. एकेक दात तांदळाच्या दाण्याएवढा. बारीक पटाशीनं ते कोरायला माणसानं श्वास धरून बसलं पाहिजे. आणि ते दिसत कुठेच नाहीत, खण बंद असला की सगळे आत जातात. पाच वर्षांची पोर ते बघणार नव्हती. खणाच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलंय: "चि. बाय हिस, दिवाळी १९३८". ते मी वाचता यायला लागल्यापासून वाचत आले होते. त्याच्या अर्ध्या इंचावर असलेले दात दिसायला मिस्त्री भेटावे लागले.

"ज्यानं हे केलं त्याला खेळणं करायचं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "त्याला फडताळच करायचं होतं. बेताचं."

मी सामान त्यांच्याकडे टाकून यायला गेले होते. त्यांनी ते ठेवून घेतलं नाही. नजर पूर्वीची राहिली नाही, म्हणाले, तुम्ही शनिवारी येऊन बसा, मी सांगतो, हात तुमचे. म्हणून २०२४ च्या जानेवारीतले सगळे शनिवार मी त्या जिन्याखाली काढले.

पहिला शनिवार फक्त सरसाचा. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुना गोंद. तो मिळवायला मला तीन दुकानं फिरावी लागली, शेवटी नागदेवी स्ट्रीटवर मिळाला, काकवीच्या रंगाचे खडे. रात्रभर थंड पाण्यात भिजवले की ते फुगून थलथलीत होतात. मग भांड्यात भांडं ठेवून गरम करायचं, बोट जेमतेम धरवेल इतकंच. उकळी आली तर सरसाची ताकद जाते. वास चांगला नसतो, तो सांगून उपयोग नाही. लावल्यावर मिनिटभरात तो घट्ट व्हायला लागतो, त्यामुळे आधी सगळे तुकडे कोरडेच जुळवून बघायचे, कोणता कुठे आणि कसा बसतो ते हाताला पाठ झालं पाहिजे. माझ्याकडून पहिल्यांदा आरामखुर्चीचा हात उलटा बसला. घाबरून मी तो उपटायला गेले.

"सोडा. सरस आहे तो, सुटतो."

हाच सरसाचा गुण. गरम ओल दिली की ऐंशी वर्षांनीही तो मऊ होतो. कापसाची वात गरम पाण्यात बुडवून पिळायची, सांध्याशी ठेवायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा नवी वात. मग पातळ सुरी सांध्यात नुसती टेकवायची, जोर न लावता. आबांची कूस, म्हणजे भोकात बसणारं लाकडाचं टोक, त्यांच्याच भोकातून अलगद बाहेर आली, टोकाला पटाशीचे व्रण तसेच. सगळे सांधे असेच उघडले. साफ केले, पुन्हा सरस लावला, सुती दोऱ्यानं आवळून रात्रभर ठेवले, सकाळी घट्ट.

जिथे अडलं ते बाटलीतल्या पांढऱ्या गोंदाच्या जागी. फडताळाच्या दाराला आणि एका खुर्चीला तो कधीतरी लावला गेला होता, कुणी ते ठाऊक नाही, बहुधा मीच. तो सुटत नाही. गरम पाण्यानं पांढरा पडतो, रबरासारखा ताणतो आणि लाकडाचे धागे घेऊन निघतो. कोमट व्हिनेगर आणि बांबूची काडी घेऊन एका खुर्चीच्या चार सांध्यांवर मी दोन शनिवार घालवले. मिस्त्रींचं म्हणणं असं की खुर्ची आज ना उद्या मोडणारच, बसायची वस्तू आहे. तेव्हा ती अशी जोडायची की मोडताना सांध्यात सुटेल, लाकडात तुटणार नाही. पांढरा गोंद सांध्याला लाकडापेक्षा बळकट करतो, मग फुटतं ते लाकूड. हे ऐकेपर्यंत मी उलट समजत होते, जास्त चिकटलं ते जास्त चांगलं.

मामाच्या चुका गंजून आत रुतल्या होत्या. त्या काढायला भोवतालचं लाकूड थोडं खावं लागलं. दोन्ही देवदारी पट्ट्या काढल्या. नव्या पट्ट्यांसाठी मिस्त्रींनी एका मोडीत आलेल्या जुन्या दाराचं सागवान दिलं. त्यांनी फळी धरली, मी करवतीनं कापली, कानशीनं सारखी केली, काचकागद मारला. आगपेटीच्या काडीहून जराच जाड अशी पट्टी आठव्या प्रयत्नाला सरळ झाली. मामाच्या पट्ट्या मी टाकल्या नाहीत. चांगल्या भागाचे दोन तुकडे दोऱ्यानं बांधून, तारीख लिहून, पेटीतच ठेवलेत.

मळ काढायचं काम वेगळंच. मैत्रीण म्हणाली, कापसाच्या काडीला थुंकी लाव आणि गोल फिरव. मला वाटलं चेष्टा करते. पण जुन्या वस्तूंचं जतन करणारे लोक खरंच असं करतात, लाळेत मळ सोडवणारे पाचक घटक असतात आणि ती लाकडाला किंवा पॉलिशला इजा करत नाही. नंतर साध्या पाण्याच्या काडीनं पुसून घ्यायचं. आजी पदराच्या टोकाला थुंकी लावून आमचे गाल पुसायची, ते आठवलं. बाकड्याच्या आठ पट्ट्यांना जवळजवळ साठ काड्या लागल्या. प्रत्येक काडी काळी व्हायची, आणि खालून हळूहळू मधाच्या रंगाचं सागवान वर यायचं. सगळा मळ मात्र काढला नाही. खुर्च्यांच्या पाठीचा वरचा काठ, जिथे धरून उचलतात, तिथे लाकूड गडद आणि गुळगुळीत झालंय. तो मळ नव्हे, चार पिढ्यांची चिमूट आहे. तिथे मी काडी लावली नाही.

पॉलिशला मिस्त्री ढगाळ दिवशी हात लावू देईनात. चपडी म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, ते स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायचे, फडक्यातून गाळायचे, आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं हात न थांबवता फिरवायचे. हवा दमट असेल तर पॉलिश पांढरं पडतं. फेब्रुवारीतले दोन कोरडे रविवार मिळाले, त्यात सगळं उरकलं, तेही फक्त जिथे नवं लाकूड घातलं होतं तिथेच.

राहिला पाळणा.

पाळणा आबांनी केलेला नाही. तो सावंतवाडीच्या चितार आळीतला. आजीचं आजोळ तिकडचं. तेव्हा मुंबईहून तिकडे जायचं तर बोटीनं वेंगुर्ल्याला उतरून पुढे गाडीरस्त्यानं. आजीच्या आजीनं नातीसाठी तो पाठवला आणि तो बोटीतून कुणाच्या तरी मांडीवर मुंबईला आला. चार कातलेले खांब, वर गोंडे, बाजूच्या फळ्या लाल, त्यांवर पिवळी वेल. हातात घेतला तर कागदाचा वाटावा इतका हलका. आबांच्या सागवानी सामानात तो पहिल्यापासून परक्या घरून आलेल्या सुनेसारखा उठून दिसायचा, आणि खेळताना भांडण व्हायचं ते त्याच्यावरूनच.

तो चिकट का झाला, ते मला माहीत होतं. २०२० च्या उन्हाळ्यात, सगळं बंद असताना, आई रोज घरातली प्रत्येक वस्तू सॅनिटायझरनं पुसायची. दूध पिशव्या, किल्ल्या, दाराच्या कड्या. एक दिवस तिनं पेटी काढली. नात पुढे खेळेल, तिला काही व्हायला नको, म्हणून. सागवानी सामानाला फारसं काही झालं नाही, पण सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. पाळण्याचा लाल रंग कापसावर उतरला. आईनं घाबरून हात काढला, पण डाव्या हाताचा अंगठा, ज्यानं तिनं फळी धरली होती, तो ओल्या लाखेत उमटला. लाख वाळली. फोनवर ती मला म्हणाली होती, "अगं, मी पाळणा खराब केला गं." मी तेव्हा काहीतरी समजुतीचं बोलले असेन. ती त्या दिवशी जेवली नव्हती, हे नंतर कळलं.

एप्रिलमध्ये पाळणा खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून ठेवला आणि दादरहून तुतारी एक्स्प्रेसनं सावंतवाडीला गेले. मोती तलावाच्या काठानं चालत राजवाड्यावरून पुढे. त्या राजवाड्यात आजही गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवणारे कलाकार बसतात. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी लक्ष घातलं म्हणून ही कला तगली. चितार आळीत दुकानांतून लाकडी केळी, आंबे, भोपळे, पाट, चौरंग, भातुकलीचे संच टांगलेले. एका वयस्कर कारागिरांनी पाळणा हातात घेतला, वजन केल्यासारखा तोलला आणि म्हणाले, "पांगारो." म्हणजे पांगाऱ्याचं लाकूड.

माझं लक्ष त्यांच्या मागे चालू असलेल्या कामावर होतं. मोटारीवर गरगर फिरणारा लाकडाचा तुकडा, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घर्षणानं लाख तापते, वितळते, आणि लाकडावर एक लाल पट्टा चढतो, बघता बघता. मग त्यावर केवड्याचं पान दाबून धरायचं. पान निबर असतं, त्यानं लाख सारखी पसरते आणि अशी चकाकते की त्यात खिडकी दिसावी. नव्वद वर्षांपूर्वी आमच्या पाळण्याचे खांब असेच फिरले असणार, मोटारीऐवजी कुणीतरी दोरी ओढत असेल.

ते म्हणाले, फळीवरची लाख खरवडून नवी चढवू, वेल पुन्हा काढू, दोन दिवसांत नवा करून देतो. मी फळी उजेडाकडे तिरकी धरली आणि त्यांना अंगठा दाखवला. तसा सरळ बघितला तर दिसत नाही. तिरक्या उजेडात लाल लाखेवर त्याच्या रेषा स्पष्ट उठतात, मधला भोवरा, आणि एका बाजूनं आडवी गेलेली विळीची जुनी खूण. आईचा आहे, मी म्हणाले. आई आता नाही.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"मगे रवांदे गो बाय. तां कशाक काढतस?"

त्यांनी फळीला हातच लावला नाही. चिकटलेला साडीचा धागा तेवढा सुईनं, एकेक तंतू करून, सोडवून दिला. पाळण्याचा एक गोंडा कधीचाच हरवला होता, तो मात्र नवा कातून दिला. मैत्रिणीनं मला सांगून ठेवलं होतं की नवा भाग जुन्याशी हुबेहूब जुळवायचा नाही, जवळून बघणाऱ्याला फरक कळला पाहिजे. मी तसं म्हटलं. ते त्यांना पटलं नाही. लाल रंगाच्या तीन कांड्या लावून बघितल्या, तीनदा खरवडल्या, चौथ्यांदा असा जुळवला की मलाच चारांतला नवा कोणता ते सांगता येईना. त्यावर मी वाद घातला नाही. गोंड्याच्या बुडाशी, खांबात जाणाऱ्या भागावर, पेन्सिलीनं "२०२४" लिहिलं आणि मग बसवला. पलंगाच्या नव्या पट्ट्यांखालीही लिहिलंय.

पेटी मे महिन्यात भाचीकडे गेली, दिवाळीच्या रिवाजाला सहा महिने उशीर. बहिणीला वाटत होतं काचेच्या कपाटात ठेवावी, आता इतकं केलंयस तर. मी नको म्हटलं. आबांनी उखळ मोठं केलं ते कपाटात ठेवायला नाही. भाचीनं पहिल्या दिवशी सगळं हॉलमध्ये मांडलं. तिच्या घरच्या लाद्या मोठ्या, दोन बाय दोनच्या, त्यामुळे एका लादीत अख्खं घर मावलं. थर्ड क्लासच्या बाकड्यावर तिनं चार बाहुल्या बसवल्या आणि पाचवीला उभं केलं. "हिला जागा नाही मिळाली," म्हणाली, "हिचं स्टेशन आलं की हीच आधी उतरेल." पाळण्याच्या अंगठ्याबद्दल तिला सांगितलंय. तिनं त्यावर स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. मोठा आहे, म्हणाली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला, फडताळाचा खण अडकलाय, अर्धा बाहेर, ना आत ना बाहेर, आणि आत बाहुलीचा परकर आहे. मी खण तसाच फडताळासकट मिस्त्रींकडे नेला. म्हटलं, जरा काचकागद मारून देता का? त्यांनी खण बोटानं हलवून बघितला आणि परत दिला. लाकूड पावसाचं पाणी पिऊन फुगलंय, आता घासलं तर उन्हाळ्यात खुळखुळेल. दसरा झाल्यावर आणा, तोपर्यंत मेणबत्ती चोळा आणि ओढू नका.

भाचीला तसं सांगितलंय. परकर अजून आतच आहे.